माझ्या कोपऱ्यावरचं तिकीट

माझं वाटोळं एका निवृत्त पोस्टमास्तरानं केलं. दोष वाळवीचा नाही, उंदरांचा नाही, युद्धाचाही नाही. आजवर ज्यांनी ज्यांनी मला हात लावला, त्यांत सगळ्यात स्वच्छ हात त्याचेच होते. तिथेच घात झाला.

मी शंभराची नोट बोलतेय. माझ्या अंगावर एका सम्राटाच्या मिशा आहेत. मिशांच्या मागे कुठेतरी तोही आहे. हा गडी युद्ध हरला, राज्याचे तुकडे झाले आणि युरोपच्या एका कोपऱ्यात नवा देश उभा राहिला. देशाकडे झेंडा होता, राष्ट्रगीताच्या तीन चाली होत्या आणि त्यातली कुठली घ्यायची यावर भांडणारे म्हातारे पुढारीही होते. नव्या नोटांचा मात्र पत्ता नव्हता.

मग त्यांनी जुन्याच नोटा गोळा केल्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यावर एक छोटं तिकीट चिकटवलं. दिसायला हुबेहूब पोस्टाचं. तिकीट असेल ती नव्या देशाची नोट, नसेल ती रद्दी. मला तिकीट लावणारा कारकून सकाळी कांदा खाऊन आला होता. त्यानं जीभ फिरवली, अंगठ्यानं दाबलं, आणि मी स्वतंत्र झाले.

पुढे एका शिंप्यानं मला जपून ठेवायचं म्हणून कोटाच्या अस्तरात शिवलं आणि कुठल्या कोटाच्या, तेच विसरला. कोट विकला गेला आणि हातोहाती फिरत सातासमुद्रापार आला. तो अंगावर घालून लोकांनी लग्नं केली, मयतं केली, तरी मला कुणी पाहिलं नाही. अखेर अस्तर फाटलं आणि मी जुन्या बाजारातल्या एका टोपलीत येऊन पडले, तुटक्या चष्म्यांच्या शेजारी.

तिथे मला पोरगा सापडला. म्हणजे मी त्याला सापडले. वय तेवीस, कॉलेज शेवटच्या वर्षाला सोडलेलं, काम लिफ्ट दुरुस्तीचं. त्या नव्या देशाच्या पहिल्या सहा नोटा तो चार वर्षं जमवत होता. पाच मिळाल्या होत्या, सहावी मी. मला उचलण्याआधी त्यानं दोन्ही हात शर्टाला पुसले. असा मान मी सम्राटालाही मिळताना पाहिला नव्हता.

घरी वेगळाच कारभार. पोराचे बाबा म्हणजे आपले पोस्टमास्तर. त्यांचा छंद तिकिटांचा. रविवारी सकाळी पसरट ताटलीत कोमट पाणी घ्यायचं, पाकिटांचे कोपरे भिजवायचे, तिकीट सुटलं की चिमट्यानं उचलून वर्तमानपत्रावर वाळत घालायचं. घरात तिकीट लावलेला कागद कोरडा राहिला, असं कधी झालं नाही. एकदा विम्याचे कागद भिजले होते.

"निदान माझं लग्नाचं प्रमाणपत्र तरी सोडा," पोराची आई म्हणायची. "नाहीतर भिजवाच. सुटले तर सुटले!"

पोराच्या नोटांना मास्तर 'चिंध्या' म्हणत. "डिग्री सोडून काय गोळा करतोय, तर मेलेल्या देशांच्या चिंध्या!"

"देश जिवंत आहे, बाबा. नकाशात बघा."

"नकाशातून पोट भरतं का?"

भरणार होतं. शहरातल्या संग्रहालयात जुन्या नोटांची नोंद करायला माणूस हवा होता. डिग्रीची अट नव्हती. नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळानं शिफारस केली की झालं. मंडळाचं प्रदर्शन रविवारी दुपारी. सहाचा संच पाहून अध्यक्ष सही करणार होते.

त्या रविवारी सकाळी पोरगा चौकट आणायला बाहेर गेला. आम्ही सहा जणी टेबलावर. मास्तर आले. त्यांनी पाच जणींकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची तिकिटं फिकट, फाटकी. माझं लख्ख. त्यांच्या डोळ्यांत तेच आलं, जे दुकानात काचेमागे खाऊ दिसला की लहान मुलांच्या डोळ्यांत येतं. पण खरं सांगायचं तर हावरटपणा अर्धाच होता.

"कुणीतरी नोट घाण करून ठेवलीय," ते आईला म्हणाले. "साफ करून देतो. तेवढाच पोराला हातभार."

चार वर्षांत पहिला हातभार. आणि तो पाण्यात!

वीस मिनिटांत कांदेवाल्या कारकुनाचा डिंक सुटला. माझा देश चिमट्यात लटकत होता आणि मी मोज्यांच्या जोडीशेजारी दोरीवर.

मग मास्तरांनी पोरानं प्रदर्शनासाठी लिहून टेबलावर ठेवलेली चिठ्ठी वाचली: 'तिकिटाशिवाय ही नोट रद्दी ठरते.' चेहरा उतरला. पोराला फोन करावा, तर तेवढी हिंमत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर मेमो काढलेला माणूस! त्यांनी डिंकाची बाटली काढली, तिकीट परत लावलं, इस्त्री फिरवली आणि मला जागेवर ठेवून पेपर वाचत बसले. आई स्वयंपाकघरात होती; तिला वाटलं, झालं साफ.

पोरगा धावतपळत आला, आम्हाला चौकटीत घातलं आणि निघाला. मास्तर इस्त्रीचा कोट घालून सोबत.

अध्यक्ष ऐंशीचे. भिंग लावलं की ते माणसापेक्षा मोठं दिसायचं. त्यांनी चौकट उघडायला लावली, मला नाकाशी नेलं.

"हा डिंक आजचा आहे. वास येतोय अजून."

"शक्यच नाही," पोरगा म्हणाला.

"तिकीट मागाहून लावलेली नोट म्हणजे बनावट नोट. कुणी केलं हे?"

माझंच तिकीट, माझाच कोपरा, तरी मी बनावट. पण मला कोण विचारतो!

पोरानं वळून बाबांकडे पाहिलं. त्यांच्या अंगठ्यावर डिंकाची पापडी होती. ती त्याला दिसली. मला दिसली, तर त्याला का नाही दिसणार? मास्तर समोरच्या भिंतीवरची नाणी बघायला लागले. नाण्यांत त्यांना जन्मात रस नव्हता.

"मी केलं," पोरगा म्हणाला.

बाबा नाणीच बघत राहिले.

आता मी पोराच्या कपाटात, वहीच्या पानांत आहे. तिकीट तिरकं बसलंय. थोरामोठ्यांना एकच सांगणं आहे: आमचं भलं करायला येताना आधी विचारत जा, आणि चुकलात तर तोंड उघडत जा.

मंडळानं पोराचं नाव शिफारशीच्या यादीतून काढलं. संग्रहालयातली जागा दुसऱ्याला मिळाली.