आऱ्यांच्या मुळाशी बुडबुडे

मित्रांनो, मी डोंगरात चालवायच्या सायकलची मागची रिम आहे. जुनी, आणि आता कुठल्याच चाकाच्या कामाची न उरलेली. नागपूरच्या सदर भागात शालिकरामभाऊंच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात एका खिळ्यावर मी लटकते. ओठ फाटावा तशी माझी एक कड फाकलेली आहे. ती कशी फाकली, तेच मला सांगायचं आहे.

ॲल्युमिनियमची लांब पट्टी गोल वळवून आणि दोन्ही टोकं जोडून कारखान्यात मला घडवलं गेलं. मग बत्तीस भोकं पाडून बत्तीस आरे बसवले. सांधा इतका गुळगुळीत होता, की बोट फिरवलं तरी लागू नये. मला त्याचा फार अभिमान वाटे.

कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या दिपालीने ती सायकल घेतली. ती हिंगण्याला एका कंपनीत कामाला होती. शिफ्ट सुटली की कपडे बदलून थेट टेकड्यांकडे निघायची. आमच्या टायरमध्ये ट्यूब नव्हती. टायरची कड माझ्या खोबणीत घट्ट बसायची आणि आरे बसवलेल्या भोकांवर चिकटपट्टी असायची. आत रबरासारखं पांढरं औषध फिरायचं. काटा रुतला तरी ते भोक बुजवायचं. अट एकच होती, कुठेही केसाएवढी फट नको. तीन वर्षं आम्ही ती पाळली. एका शर्यतीत दिपाली तिसरी आली, तेव्हा तिने मला ओल्या फडक्याने पुसलं होतं, अगदी आरा न् आरा.

मग एकदा कोळशाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर ती घाईने खड्ड्यात गेली. माझ्या सांध्यापाशी बारीकसं 'कट्' झालं. तिने उतरून पाहिलं. वर राखेचा थर होता आणि चीर चिकटपट्टीखाली शिरली होती. तिला काही दिसलं नाही. मला मात्र कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी टायर मऊ लागू लागला. तिची आई अनुसयाबाई अंगण झाडता झाडता चाक दाबून पाही.

"दिपे, हे चाक रोज काहून बसून राह्यते वं? शालिकभाऊले दाखवून ये ना."

"हवा भरून राहिली ना मी, आई. होते तेवढ्यानं."

तेवढ्यानं होत नव्हतं. रोज हवा भरली जाई आणि रोज चीर कणभर पुढे सरके. मला ओरडता येत नाही. फुस्स एवढीच माझी भाषा, आणि ती फार हळू.

रविवारी निवडीची शर्यत होती. तेवीस वर्षांखालच्या गटातली दिपालीची ही शेवटची संधी. शुक्रवारी दुपारी चाक पार बसलं, तेव्हा ती मला घेऊन शालिकरामभाऊंकडे धावत आली.

भाऊ मूळचे उमरेडच्या विणकर घरातले. हवा कुठून जाते, ते चाकाला उजवा कान लावून शोधत. त्यांनी टायर उतरवला आणि म्हणाले, "जुनी पट्टी काढून पाह्यतो."

"नको जी, भाऊ. चारच्या आत नाव द्यायले जायचं हाय. वरूनच दुसरी लावून द्या."

भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. मग जुन्या पट्टीवरच त्यांनी नवी चिकटवली. आतली चीर आणखी खोल झाकली गेली.

त्यांनी टायर चढवला, औषध ओतलं आणि कॉम्प्रेसर लावला. डाव्या बाजूची कड 'टक् टक्' करत खोबणीत बसली. उजवीकडे वीतभर कड मात्र बसेना. भाऊंनी साबणाचं पाणी लावलं. ते ओघळून आऱ्यांपर्यंत गेलं, आणि तिथे बुडबुडे उठले.

"हे टायरच्या कडेचे नाई वं," भाऊ हळूच म्हणाले. "आऱ्यांच्या मुळातून येऊन राहिले. हवा रिमच्या पोटात चालली. मले हे बरं दिसत नाई. उतरवतो."

"एवढीशीच तर बाकी हाय, भाऊ! अजून थोडी मारा ना. बसते ते."

हवेच्या दाबाचा काटा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापाशी आला. भाऊंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग काटा तो आकडा ओलांडून गेला. माझ्या सांध्यातून एकेक कण सुटत होता. नेमके तेव्हाच भाऊ वाकले आणि कुठून आवाज येतो ते ऐकायला त्यांनी उजवा कान माझ्याजवळ आणला.

मी फाटले.

रस्त्यापलीकडचे लोक धावत आले. दिपाली नखशिखान्त पांढऱ्या औषधाने माखून उभी होती. भाऊ खाली बसले होते. कानावर हात, आणि बोटांमधून रक्त.

ती शर्यतीला गेली नाही. भाऊंची जखम महिन्याभरात भरली, पण उजव्या कानाने ऐकू येणं बंद झालं, ते कायमचं.

एका दुपारी दिपाली दुकानात आली. भाऊ एका चाकाचे आरे कसत बसले होते. ती त्यांच्या उजवीकडे उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, "भाऊ, मले माफ करा."

भाऊ पाना फिरवतच राहिले. ते रागावलेत असं वाटून ती पायरीपर्यंत गेली. तिथे थबकली. मग परत येऊन त्यांच्या डावीकडे बसली आणि तेच पुन्हा, मोठ्याने म्हणाली.

भाऊंचा हात थांबला.

"'अजून मारा' तू म्हणलं खरं," ते म्हणाले. "पण हवा म्या मारली. मले दिसलं होतं, पोरी."

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना मोठ्याने सांगता येत नाही. बुडबुडा दिसला की हात थांबवा. त्या दिवशी तो दोघांनीही पाहिला होता.