आत्याचा टाका

आत्याने शिवलेलं उसवत नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. कुणी नाहीच सांगितलं तर आत्या स्वतः सांगायची.

भाचीची आज चाचणी होती. रक्ताच्या पिशव्या मोटरसायकलवरून इस्पितळात पोचवायची नोकरी, आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी. उन्हाळ्यात हेल्मेटच्या सगळ्या झडपा उघडून भाची हिंडायची, तेव्हाही आत्याच्या जिवाला घोर.

"थंडीत वरच्या झडपा बंद करायच्या," भाचीने कालच समजावलं होतं, "पण हनुवटीची किलकिली ठेवायची. नाहीतर श्वासाने काच धुरकटते."

"हो हो, मला शिकव आता!" आत्या म्हणाली. आणि सकाळी भाची आंघोळीला गेली तेवढ्यात हनुवटीची झडप बंद करून तिच्यावर आतल्या अस्तराला लोकरीची पट्टी शिवून मोकळी झाली, तीही दुहेरी दोऱ्याने.

मैदानाच्या कडेला आत्या ऐटीत उभी राहिली. भाची सुटली झोकात, पण दुसऱ्या वळणावर तिने खुणेसाठी मांडलेला एक शंकू उडवला, तिसऱ्यावर दोन. काच वर करायची नाही, असा नियम.

"आणखी एकच संधी," परीक्षक म्हणाले. "झालं काय?"

"थंडीने हात आखडले, साहेब."

आत्याला तेवढ्यात तिची काच दिसली. आतून पांढरीफटक! पोरगी नोकरी घालवायला तयार होती, पण आत्याचं नाव घेत नव्हती.

"खोटं बोलतेय ती!" आत्या कडाडली. "उपद्व्याप माझा आहे. काढ गं ते हेल्मेट!"

पिशवीतली कात्री काढून चारचौघांत, जन्मात पहिल्यांदा, तिने स्वतःचा टाका उसवला. मेला दोरा सुटता सुटेना. मग तिने झडप किलकिली केली आणि पदराने काच लख्ख पुसली.

"जा आता."

भाची गेली. वळणामागून वळण घेतलं, एक शंकू हलला नाही. परीक्षकांनी तिच्याशी हात मिळवला, "सोमवारपासून या," म्हणाले.

आत्याच्या डोळ्यांना धार लागली. शेजारी कुणा उमेदवाराची आई उभी होती, तिचाच हात हिने धरला.

"भाची आहे माझी! हातची नोकरी चालली होती हो, पण माझं नाव सांगितलं नाही तिने." मग नाक पुसून म्हणाली, "आणि टाका म्हणाल, तर उसवायला मलाच यावं लागलं."