मादालीच्या पखालीतलं काळं

"निघालं! काळं निघालं!"

खडकामागून इसाक मेंढपाळ विजारीची नाडी बांधत धावत आला आणि मादाली हकिमाच्या तंबूपुढे जमलेल्या माणसांनी एकच गलका केला. बायकांनी त्याच्या अंगावर मुठीमुठीने गोळ्या-बिस्किटं उधळली. एरवी माणूस परसाकडे जाऊन आला तर कुणी ढुंकून बघत नाही. किर्गिझ डोंगरांतल्या सुसामिरच्या कुरणांवर त्या उन्हाळ्यात मात्र त्याची वरात निघत होती.

मादालीने दाढीवरून हात फिरवला. "काय सांगितलं होतं मी? हिवाळाभर चरबी खाता, कडक चहा ढोसता, शेजाऱ्याच्या घोड्यांवर जळता! तो सगळा आजार काळा होऊन आतड्यांना चिकटतो. माझ्या पखालीला पाच पिढ्यांची दुआ आहे. तीन दिवस घोडीच्या आंबवलेल्या दुधाखेरीज, माझ्या या कुमिसखेरीज, अन्न नको, गोळी नको. चौथ्या दिवशी आजार आपल्या पायांनी बाहेर चालत येतो!"

"पायपण असतात होय त्याला?" मागून उल्कान म्हातारीने विचारलं. तिच्या तोंडात दात उरले नव्हते, पण जीभ शाबूत होती.

"श्रद्धा नसलेल्याला दिसत नाहीत, आजी."

लोक हसले, ते उल्कानला. मग मोबदल्याचं कोकरू घेऊन पुढचा रोगी तंबूत शिरला.

गर्दीच्या कडेला उभी राहून अनिपा हे बघत होती. ती खालच्या गावातल्या दवाखान्यात परिचारिका होती. पोरांना लशी टोचायला दर उन्हाळ्यात ती वर कुरणावर यायची आणि थोरला भाऊ शार्शेन याच्या तंबूत उतरायची. शार्शेनचं पोट दोन वर्षं दुखत होतं. वसंतापासून तिने त्याला पथ्यावर ठेवलं होतं. चरबी बंद, जवाची पेज सुरू, उपाशीपोटी चहा नाही. कुमिस प्यायचं ते एका दिवसाचं, कमी आंबलेलं, तेही जेवणानंतर अर्धा वाडगा. सोसलं तर पुढच्या आठवड्यात पाऊण. आणि गुडघ्यांसाठी तो घेत असलेल्या दुखण्याच्या गोळ्या पूर्ण बंद, कारण त्या पोट सोलून काढतात.

"किर्गिझ माणसाने घोडीचं दूध अर्धा वाडगा प्यायचं?" शार्शेन कुरकुरायचा. "पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस."

पण दुखणं निम्म्यावर आलं होतं. फक्त हे बरं होणं मुंगीच्या पावलाचं होतं, आणि शेजारी इसाक चार दिवसांत उड्या मारत होता. मग शार्शेननेही दोन दिवस मादालीच्या पखालीला तोंड लावलं.

हे कळल्यावर अनिपा चिडलीच. तिने मादालीकडून एक वाडगा मागून आणला आणि तंबूत बसून जखमेवर बांधायच्या पांढऱ्या जाळीच्या कापडातून गाळला. कापडावर चमचाभर काळा गाळ उरला. आता, कुमिसच्या पखालीला आतून लाकडाची धुरी देतात, त्यामुळे काजळीचे चार कण त्यात येतातच. उलट ते दिसले की आपले लोक खूश होतात, पखाल छान धुरावली म्हणतात. म्हणून तर कुणाला संशय आला नव्हता. पण धुरीने चार कण येतात, चमचाभर गाळ येत नाही.

"कोळसा आहे, दादा. बारीक दळून घातलाय. हा प्यायला की कुणाचंही काळंच होणार. मेंढीला पाजलास तर तिची लेंडीसुद्धा काळी होईल."

"ती मुळातच काळी असते गं," शार्शेन म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसली. हसू ओसरल्यावर त्याने विचारलं, "मग सांग की सगळ्यांना."

"दुसऱ्याच्या पखालीला नावं ठेवू? ऐन उन्हाळ्यात, कुरणावर? उद्या माझ्या हातचं पाणी कुणी घेणार नाही. आणि कोळशाने कोण मरतंय? चार दिवसांत हौस फिटेल त्यांची."

शार्शेनने ते कापड उजेडात धरून पुन्हा एकदा पाहिलं आणि घडी करून बाजूला ठेवलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी तंबूत रडणाऱ्या पोरांची रांग लागली होती. अनिपाच्या एका हातात सुई, दुसऱ्या हातात कुणाचा तरी वळवळणारा दंड. शार्शेन दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"अनिपा, माझंही काळं आलं गं."

"कोळसा दादा, कोळसा! सांगितलं नव्हतं तुला?"

"गरगरतंयसुद्धा जरा."

"नुसतं कुमिस पिऊन दुसरं काय होणार? वहिनीकडून पेज घे जा."

तिने मान वर केली नाही. केली असती तर त्याचे पांढरे पडलेले ओठ दिसले असते. तो क्षणभर घुटमळला, "बरं" म्हणाला आणि गेला. हा "बरं" पुढे अनिपाला जन्मभर ऐकू येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगरं बांधताना शार्शेन कोसळला. त्याला ट्रकमध्ये घातलं, पण घाटाच्या तिसऱ्या वळणावर, बहिणीच्या मांडीवर, त्याचा श्वास थांबला. खालच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि म्हणाले, "पोटात जखम होती. दोन-तीन दिवस आत रक्त जात असणार, ते काळं होऊन बाहेर पडतं. शौचाला काळं झालं नव्हतं का?"

अनिपाने भावाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

मातीच्या दिवशी अख्खं कुरण शार्शेनच्या तंबूशी लोटलं. दुखवट्याला येणारा प्रत्येक जण रिवाजाप्रमाणे कुमिस घेऊन आला होता. मादालीही आपली पखाल घेऊन आला. फातिहाची प्रार्थना म्हणून झाल्यावर त्याने उसासा सोडला.

"त्याचा आजार निघत होता हो. काळं आलंही होतं. यांनी घाईने गाडीत घातला, धक्के बसले, उरलेलं आतच राहिलं. दोन दिवस माझ्याकडे ठेवला असता तर आज उठून बसला असता."

"खरंय," इसाक म्हणाला. माना डोलू लागल्या.

बायका प्रथेप्रमाणे भिंतीकडे तोंड करून विलाप करत होत्या. त्यांतून अनिपा उठली. दुखवट्यात बहीण अशी उठत नाही. तिने दोन वाडगे मांडले, दोन्हींवर पांढरं कापड ताणलं. एकावर मादालीच्या पखालीतलं कुमिस ओतलं आणि कापड उचलून सगळ्यांना दाखवलं. त्यावर काळा लगदा होता.

"धुरीची काजळी आहे ती!" मादाली ओरडला. "पखाल कालच धुरावली!"

"माझीपण कालच धुरावलीय," उल्कान म्हणाली. "गाळ गं माझंही."

दुसऱ्या कापडावर चार कण उरले. इसाकने दोन्ही कापडं हातात घेऊन पाहिली, बोट लावलं, बोट काळं झालं. त्याने ते विजारीला पुसलं.

"मग माझं पोट बरं कसं झालं?"

"हिवाळाभर चरबी खाल्लीस, ती चार दिवस सोडलीस, आणि आंबलेलं चांगलं कुमिस प्यालास. हलकं वाटणारच. ते पथ्याने झालं, इसाक. कोळसा फक्त तुला दाखवायला होता."

मादाली पखाल तिथेच टाकून बाहेर पडला. त्याला कुणी अडवलं नाही. अनिपा उभीच होती.

"मला हे आठ दिवसांपासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसले. दादाला रक्त पडत होतं आणि मी त्याला म्हटलं, तू त्याचं कुमिस प्यालास, कोळसा आहे."

"प्याले नव्हते गं ते," भिंतीकडून आवाज आला. ती शार्शेनची बायको बुर्मा होती. ती वळली नाही. "तू कापड दाखवलंस त्या दिवसापासून त्यांनी त्याचा थेंब घेतला नाही. म्हणाले, अनिपा खरं बोलते. फक्त गुडघे फार दुखायला लागले म्हणून त्या गोळ्या पुन्हा घेत होते. तुला सांगायची लाज वाटत होती त्यांना."

अनिपा बुर्माशेजारी जाऊन बसली. मग ती बोलली, ते खाली बघूनच, पण तंबूभर ऐकू गेलं.

"कुमिस चांगलं आहे. थोडं प्या, सोसेल तसं वाढवा. पण पोटाला भोक पडलं तर ते शिवत नाही. काळं, चिकट, घाण वासाचं आलं, गरगरलं, तर तडक दवाखाना गाठा. हकिमावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आणि माझ्यावरही ठेवू नका. मला त्याची लबाडी कळली होती, म्हणून मला वाटलं सगळंच कळलं. कुणी काहीही सांगो, आधी विचारा, आणि आपल्या डोळ्यांनी बघा. 'दादा, तू ते प्यालास का?' एवढंच विचारायचं होतं मला. तो खोटं बोलला नसता."