उगा राहिलेला गोऱ्हा

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की डाव्या हाताला एक फाटा लागतो. तिथून दोन कोस आत प्रेमराज आबांचा गोठा. गोठा कसला, खिल्लारच ते. लहानमोठी धरून छत्तीस जनावरं, आणि आबा मधे उभे राहिले की सदतीस. हे म्हणणं त्यांच्या बायकोचं, कुंदाबाईचं, आणि ती आबांच्या तोंडावर म्हणते.

त्या खिल्लारात एकेक वळू असा होऊन गेला की सांगता सोय नाही. नगाऱ्या म्हणून एक होता, त्याच्या वशिंडाच्या सावलीत चार मजूर भाकरी खायला बसायचे. त्याच्यामागून हवालदार आला. तो रस्त्यात उभा राहिला की एसटीचा डायव्हर इंजिन बंद करायचा, खाली उतरायचा, रामराम घालायचा, तेव्हा कुठे हवालदार बाजूला सरायचा. एकदा विहिरीवर वाकून पाणी प्यायला तर विहीर वीतभर खाली गेली आणि शेजारच्या नथ्थूची मोटर हवा ओढायला लागली. खोटं वाटत असेल तर नथ्थूला विचारा. तो अजून त्या पाण्यावरून भांडतो.

आणि हे सगळे वळू निवडले एका नियमाने. आबांचे वडील धनाबा सांगून गेले होते, "मायसाठे रडी तो अवताना, उगा राही तो खिल्लारना." म्हणजे असं, की गोऱ्हे सात-आठ महिन्यांचे झाले, दूध तोडायची वेळ आली, की सगळ्यांना एकाच दिवशी आयांपासून काढायचं आणि कुडाच्या आत कोंडायचं. तीन दिवस. जे हंबरून घसा बसवतील ते खच्ची होऊन अवताचे, नांगराचे बैल. जो तीन दिवस उगा राहील, गप राहील, तो कळपाचा वळू. त्याच्या गळ्यात घाटी, म्हणजे मोठी घंटा, बांधायची.

यंदा सहा गोऱ्हे होते. आणि यंदा अडचण होती नवीनची.

नवीन म्हणजे आबांचा पोरगा. "आबा," तो म्हणाला, "वळू पोसनं म्हंजे रिकामा जावई पोसनं. डॉक्टरले फोन करा, तो कांडी घीसन येस. पाच मिनिटमा काम."

कांडी म्हणजे लांबच्या कुठल्या वळूचं गोठवलेलं बीज, काडीएवढ्या नळीत भरलेलं.

"तुन्हा त्या थंडा वळूले डोया शेतस का?" आबा म्हणाले. "मी कोनकडे दखू?"

शेवटी बापलेकात ठरलं. एखादा उगा राहिला तर तो वळू. नियम चुकला तर सहाही खच्ची, आणि पुढं सगळं कांडीवर. आबांनी मान हलवली. लोक लांबलांबून त्यांना गोऱ्हे दाखवायला आणत. प्रेमराज आबांची नजर म्हणजे नजर. तीच पणाला लागली होती.

पहिल्या दिवशी पाच गोऱ्ह्यांनी असा आवाज काढला की पारोळ्याच्या किल्ल्यातली वटवाघळं दिवसा उडाली. एकच उगा. शेवंती गायीचा, तांबूस, मध्यम चणीचा, नाकावर पांढरा ठिपका. दुसऱ्या दिवशीही उगा. नवीन येता-जाता त्याच्याकडे बघायचा आणि पुढं जायचा. आबांची मिशी मात्र बोटभर वर चढली.

तिसऱ्या दिवशी कुंदाबाईला पहाटेच निघावं लागलं. असोद्याला तिची बहीण पडली होती, हात मोडला होता. पण पिशवी घेऊन अंगणात उभी राहिली, तर पाय काही निघेना.

"शेवंतीनी धार राहू द्या. मी दुपारले येसू, मंग काढसू."

"दुपारलोंग कास फुटी तिनी!" आबा म्हणाले. "मी काढस. तू जाय."

तिने कुडाकडे बघितलं, आबांकडे बघितलं. वाटेवरून गाडीचा हॉर्न आला. गेली.

आबांनी बादली घेतली, शेवंतीचं दावं सोडलं. शेवंती रोजच्या जागेवर थांबलीच नाही. आबांना दाव्यासकट ओढत कुडाला वळसा घालून मागच्या कोपऱ्यात गेली, कुडाला अंग लावून आडवी उभी राहिली, मागचा पाय जरा मागे घेतला, आणि कासेला हात लागायच्या आधीच पान्हा सोडला. दोन सागाच्या मेढींच्या मधल्या भोकातून एक तोंड बाहेर आलं. नाकावर पांढरा ठिपका.

आबांना क्षणभर काही सुधरलं नाही. मग हाताने आपोआप काम केलं. त्यांनी शेवंतीला मागं खेचलं. गोऱ्ह्याचं तोंड हवेत चाचपडलं, इकडे गेलं, तिकडे गेलं, आणि तीन दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. असा हंबरला की नवीन तोंडात ब्रश घेऊन पळत आला.

"आबा! तुमना मुका बोलना!"

आबा भोकाला पाठ लावून उभे होते.

"मंग? सहाना सहा रडनात. डॉक्टरले बलावू?"

"सांजले दखू," आबा म्हणाले.

नवीन गेल्यावर त्यांनी त्या भोकावरून हात फिरवला. मेढी धनाबांनी रोवलेल्या. भोकाच्या कडा मात्र कशा, तर तेल पाजल्यासारख्या गुळगुळीत. तीन दिवसांत लाकूड असं होत नाही. तीन वर्षांतही होत नाही. किती तोंडं इथून घासून गेली असतील? आबा तिथेच दगडावर बसले. भाकरीची वेळ निघून गेली. समोर गोऱ्हा हंबरत होता, आणि एकेक वळू त्यांच्या डोळ्यांपुढून जात होता, या भोकात तोंड घातलेला.

दुपार कलली तेव्हा कुंदाबाई आली.

"बहिननं काय?" आबांनी विचारलं.

"हात मोडना, तोंड धड शे. खाटवरथीन बठ्ठ्या सुनास्ले पयाडी राहिनी." एवढं बोलून तिने कोपऱ्यात पालथी पडलेली बादली बघितली.

"नवीननी माय, तू तीन दिवसथीन गोऱ्हा पाजी राहिनी?"

कुंदाबाईने पिशवी खाली ठेवली. "तीन दिवस कसाना? तीस वरीस म्हना."

आबांनी भोकाकडे बघितलं.

"आनि त्याना पहिले तुमनी माय. मन्हं लगीननं पहिलं वरीस व्हतं. सासूबाईनी माले आठेच, ह्या कोपरामा, आनं. म्हने, जी गाय लाथ मारत नही, परका हातले बी पान्हा सोडस, तिना गोऱ्हा उगा राहाले पाहिजे. तुन्हा सासरा निवडी, तू फक्त पाज."

"म्हंजे नगाऱ्या?"

"सासूबाईना."

"हवालदार?"

"मन्हा."

"आनि पवन्या वळू बी?"

"त्याले ते इतलं पाजं का ढेकर दिन्ही त्यानी. तुम्ही म्हनात, वाघ गुरकावना."

आबांना हसू आलं नाही. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "मंग मी काय दखं इतला वरीस? नजर, नजर म्हनेत लोके."

कुंदाबाई त्यांच्या शेजारी बसली.

"सासूबाई गयात तवय तुम्ही तीन दिवस रडनात नही," ती म्हणाली. "गाव म्हने, काय काळीज शे! तवय तुमना जोडे कोन बठेल व्हतं? चहा कोन दी राहिनं व्हतं?"

"तू."

"मंग."

आबांना ते तीन दिवस आठवले. माणसं येत होती, खांद्यावर हात ठेवत होती, आणि ते ताठ बसले होते. कोपऱ्यातून एक हात सारखा कप पुढं करत होता. त्या हाताकडे त्यांनी एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. चौथ्या दिवशी कुंदाबाई विहिरीवर गेली तेवढ्या वेळात ते गोठ्यात जाऊन लेकरासारखे रडले होते. हे कुणाला माहीत नव्हतं. शेवंतीच्या आजीला तेवढं माहीत होतं.

"आज हाऊ इतला कसा रडना?" त्यांनी विचारलं.

"माय आठे, दूध आठे, आनि मदमा तुम्ही दावं वढी राहिनात. मी बी रडती."

संध्याकाळी नवीन मोबाईल हातात घेऊनच आला. मागोमाग नथ्थू. वळू निवडायच्या दिवशी तो दरवर्षी यायचा, आपल्या पाण्याचा पुढचा शत्रू कोण ते बघायला.

"आबा, खारकीना ठेवा," नथ्थू म्हणाला. "हत्तीना पिल्लासारखा शे."

होताही तसाच, रुंद छातीचा. पण खारकी म्हणजे त्याची आई, बादली दिसली की लाथ.

"कोन्ताच नही ठेवाना," नवीन म्हणाला. "बठ्ठा रडनात. ठरेल शे आपलं."

आबांनी घाटी काढली. दरवर्षी ते कुडात शिरत, सहा-सात गोऱ्ह्यांमधून सावकाश फिरत, आणि सगळ्यांनी श्वास धरला की मग बांधत. आज ते कुडात गेलेच नाहीत. सरळ कुंदाबाईपाशी गेले आणि घाटी तिच्या हातावर ठेवली.

"बांध."

"मी?" तिचे डोळे चमकले. "का बरं? तुमनी नजर काय म्हनस?"

"मन्ही नजर आज असोदाले गयेल व्हती," आबा म्हणाले. "आते परत उनी."

नथ्थूने नवीनकडे बघितलं, नवीनने आईकडे. कुंदाबाई पदर खोचून कुडात गेली आणि ठिपकेवाल्याच्या गळ्यात घाटी बांधली. तो तिच्या कमरेला ढुश्या देत होता.

"पन नियम?" नवीन म्हणाला. "हाऊ ते सकायथीन रडी राहिना!"

आबांनी काही लपवलं नाही. दोघांना मागच्या कोपऱ्यात नेलं, भोक दाखवलं, आणि ते तीस वर्षांचं, त्याच्या आधीचंही सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज एकदाच अडखळला, 'मायनी' म्हणताना.

नथ्थू तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग ओरडला, "म्हंजे मन्ही विहीर वहिनीमुये आटनी!"

"हवालदारले तहान लागनी, त्याले मी काय करू?" कुंदाबाई म्हणाली.

नवीन हसला नाही. तो बोटाने लाकडाची ती गुळगुळीत कड चाचपत होता. पलीकडून ओलं नाक आलं, बोट चाटून गेलं. बऱ्याच वेळाने त्याने मोबाईल खिशात टाकला.

"माय, पन तुले कसं कयस? कोन्ता गोऱ्हा ते?"

कुंदाबाईने पालथी बादली उचलली, पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"सोड शेवंतीले. धार काढाले बस, मंग सांगसू."

"माले कोठे येस धार काढता?"

"तिले येस," कुंदाबाई म्हणाली.

नवीनने दावं सोडलं. शेवंतीने त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि त्याला ओढत कोपऱ्याकडे चालू लागली.