देगलूरच्या अलीकडचं पाणी

रजिया त्या रविवारी पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढं होती.

नांदेडहून चार गाड्या देगलूरला डोसा खायला निघाल्या होत्या. नरसी मागं पडल्यापासून पाऊस असा लागला की हेल्मेटच्या काचेतून रस्ता अंदाजानंच ओळखायचा. रजियाच्या मागं तिचा नवरा वाजिद होता. त्याचं फर्निचरचं दुकान, पण रविवारची सकाळ तो कुणाला देत नसे. त्याच्यामागं बँकेतली सिंधु. शेवटची जागा मन्मथ सरांची, पण ते तिथं टिकतच नव्हते. दर थोड्या वेळानं चिखल उडवत रजियाच्या बरोबरीला येत आणि हॉर्न वाजवत.

सगळे 'सर' म्हणत, पण मन्मथ वयानं सगळ्यांत लहान. नांदेडच्या कोचिंगच्या गल्लीत त्याच्या चेहऱ्याचे मोठाले बोर्ड लागलेले. त्याच्या जीवशास्त्राच्या तासाला हॉल भरून पोरं दारात उभी राहत. त्याला 'थांब' म्हणणारं माणूस आता फारसं उरलं नव्हतं.

या चौघांचा नियम एकच होता. हवा खराब असली की पुढच्यानं हात वर करायचा आणि बाकीच्यांनी थांबायचं.

रजियानं हात वर केला.

रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. ओढ्यावरचा जुना पूल पाडलेला, आणि शेजारून सिमेंटच्या नळ्यांवर मुरूम टाकून तात्पुरती वाट केलेली. आज ती वाट दिसतच नव्हती. लालसर पाणी तिच्यावरून वाहत होतं. अलीकडं मालाच्या गाड्या उभ्या होत्या आणि छत्र्या धरून लोक तमाशा बघत होते. तेवढ्यात पलीकडून एक जीप हळूहळू पाण्यातून निघून आली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"बघितलं?" मन्मथनं काच वर केली. "गुडघ्याएवढंबी न्हाई पाणी. चला."

"न्हाई," रजिया म्हणाली. "मागं फिरू. नरसीत खाऊ काहीतरी."

"भाभी, आपण आजवर एकदा तरी परत फिरलोय का? दुपारी माझ्या पोरांची टेस्ट हाय, दुसऱ्या रस्त्यानं देगलूर गाठायला टाइम न्हाई."

"जीपला चार चाकं हायत सर. खाली मुरूम राहिला का वाहून गेला, काय म्हाईत?"

"तुम्ही थांबा. मी तिकडं जाऊन पार्सल आणतो सगळ्यांना." तो हसला आणि त्यानं गिअर टाकला.

वाजिदनंही गाडी चालू केली. "सरांना एकटं कसं सोडायचं? मी बी जातो."

रजिया उतरली, दोन ढांगांत त्याच्यापाशी गेली आणि गाडीची चाबी काढून घेतली. इंजिन बंद पडलं. छत्रीखालून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बाईनं चाबी काढली बघ!" आणि हशा पिकला.

"रजिया, चाबी दे," वाजिद दातांतून बोलला. "लोगां देख रहे."

तिनं मूठ आवळली. तोवर मन्मथ पाण्यात शिरला होता.

निम्म्यापर्यंत तो छान गेला. पाय खाली टेकवत, हळू, सरळ. मग पुढचं चाक एकदम खाली गेलं. पाण्याखाली मुरूम नव्हताच. गाडी एका बाजूला बसल्यासारखी कलली आणि त्याच्यासकट उताराकडं गेली. लाल पाण्यात हेल्मेट एकदा वर आलं, बुडालं, पुन्हा आलं. ओढ्याच्या कडेला वेडी बाभूळ अर्धी पाण्यात वाकलेली होती. तिच्या फांदीला तो अडकला. गाडी मात्र दिसली नाही.

सिंधु किंचाळली. छत्र्या पुढं सरकल्या, पण पाण्याजवळ कुणी गेलं नाही.

"दोरी! कुणाकडं दोरी हाय का?" रजिया ट्रकांच्या रांगेकडं धावली. पहिल्याच ट्रकचा ड्रायव्हर टपावर चढून ताडपत्रीची दोरी सोडत होता. मडिवाळप्पा त्याचं नाव, बिदरकडचा. "बेगा, बेगा!" अशी कानडीत घाई करत त्यानं दोरीचं एक टोक ट्रकच्या हुकाला बांधलं आणि दुसरं खाली फेकलं.

ते वाजिदनं झेललं. कमरेला दोन वेढे घेऊन गाठ मारली. रजिया त्याच्याकडं बघत राहिली. या वेळी तिनं अडवलं नाही. गाठ तेवढी ओढून बघितली.

वाजिद काठाकाठानं उतरला. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. दोनदा पाय सुटला आणि दोन्ही वेळा मडिवाळप्पानं आणि दोघा क्लीनरांनी दोरी ताणून धरली. बाभळीपासून तो हातभर अंतरावर आला आणि दोरी संपली.

"सर, हात द्या!"

मन्मथ हलला नाही. दोन्ही हातांनी काटेरी फांदी कवटाळून, डोळे मिटून तो कापत होता. हातांतून रक्त वाहत होतं आणि पाणी ते लगेच धुऊन नेत होतं.

"हात द्या सर! फांदी मोडून राहिली!"

मन्मथनं फांदी आणखीच घट्ट धरली.

"मन्मथ!" रजिया काठावरून ओरडली. सर नाही, काही नाही. "डोळे उघड! इकडं बघ, माझ्याकडं!"

त्यानं डोळे उघडले.

"डावा हात सोड. एकच. उजव्यानं धरून ऱ्हा. सोड म्हणते ना, सोड!"

बोटं एकेक करून सुटली. वाजिदनं मनगट पकडलं, मग खांदा, मग रेनकोटसकट अख्खा माणूस छातीशी धरला. "खेचा!" ट्रकवाल्यांनी खेचलं. दोघं चिखलात येऊन पडले, तेव्हा कुणी शिट्टी मारली नाही.

ट्रकच्या आडोशाला मडिवाळप्पानं स्टोव्ह पेटवला आणि उप्पीट टाकलं. सिंधु साडीपिनेनं मन्मथच्या तळहातातले काटे काढत बसली. त्याच्या रेनकोटच्या आतल्या खिशात फोन वाजला. प्लास्टिकमध्ये होता म्हणून वाचला होता.

"आईचा हाय," तो म्हणाला.

भूकंपात नवरा गेल्यावर रुक्मिणबाईनं त्याला पत्र्याच्या शेडमध्ये एकटीनं वाढवलं होतं. तो बाहेर पडला की पोचल्याचं कळेपर्यंत ती पाणीसुद्धा पीत नसे.

"हाव आई," मन्मथचा आवाज अगदी नीट होता. "पोचलो की. डोसा खातोय. गरम हाय. न्हाई, पाऊस न्हाई इकडं. हाव. जेव तू."

फोन ठेवला आणि मग तो रडला. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. मडिवाळप्पानं उप्पिटाची ताटली त्याच्यापुढं सरकवली.

"भाभी, मी..."

"खा आधी," रजिया म्हणाली.

रजियानं वाजिदला चाबी परत दिली. परतताना मन्मथ सिंधुच्या मागं बसला. नरसीला पेट्रोल भरायला थांबले, तेव्हा वाजिद पहिल्यांदा बोलला. त्याच्या कपड्यांवरचा चिखल वाळून तडकत होता.

"सगळ्या लोकांसमोर चाबी काढलीस माझी."

"हाव."

"हसले लोक."

"हसू देत."

"मग मी दोरी बांधली तवा का न्हाई अडवलंस? तवा बी पाणी तेच होतं."

रजियानं टाकीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"तवा दोरी होती," ती म्हणाली.

वाजिद हसला नाही. राग अजून होताच. "घरी गेल्यावर बोलू," तो म्हणाला.

"बोलू."

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तिनं हेल्मेट घातलं, मागं वळून तिघं नीट बसल्याची खात्री केली आणि नांदेडच्या रस्त्याला लागली.