अर्धे नायक

ढाणकीकडच्या बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, हिरासिंग यांना सरपंच व्हायचं होतं. निवडणूक व्हायची होती, पण कचेरीत टांगायची तसबीर त्यांनी आधीच सांगून ठेवली. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच! फोटोत सुरकुत्या दिसतात म्हणून पुसदहून ड्रॉइंगचे मास्तर बोलावले. हे कमलाकर मास्तर मुंबईहून नवी कला शिकून आलेले.

नायक दिवसभर खाटेवर ताठ बसले. मास्तरांनी पेन्सिलीनं उजवी बाजू अशी काढली की मिशीचा केस न् केस दिसावा. डावीकडे मात्र नुसते त्रिकोण आणि रेघोट्या.

"मास्तर, इकडचा मी कुठी गेलो?"

"नायक, तुम्ही अर्धे मूर्त, अर्धे अमूर्त!"

दारात डोकावणाऱ्या शेजारच्या मानीबाईनं ऐकलं, अर्धे मृत. दिवेलागणीपर्यंत तांडाभर झालं की नायकांची डावी बाजू गेली, मुंबईच्या मास्तरानं पेन्सिल लावून तपासलं.

विरोधात उभा राहिलेला रामधन सगळ्यांच्या आधी रडत आला. "लकव्यावर कबुतराच्या रक्ताचं तेल हाय, नायक. चोळून पाहा. सरपंचकीचं मी पाहून घेतो."

नायकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून दिसेल त्याला ते डावा हात उचलून दाखवू लागले. बाजारात, विहिरीवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. घास उजव्या हातात आणि डावा आभाळात! बायको धनीबाई म्हणाली, "लोकं आता हाताचं नाई, डोस्क्याचं इचारून राह्यले." पण ऐकतील ते नायक कसले.

त्या काळी मतं हात वर करूनच द्यायची. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी पुकारलं, "रामधनच्या बाजूच्यांनी हात वर करा." त्याच्या भावकीतले चार-दोन हात वर झाले. तेवढ्यात मागून मानीबाई हळहळली, "बिचाऱ्या नायकाले डावा हात उचलताच येत नाई वो."

नायकांचा डावा हात ताडकन वर गेला.

तांड्याची रीत मोठी पक्की. नायक करील ते तांड्यानं करायचं, का ते विचारायचं नाही. बघता बघता सगळा तांडा हात वर करून बसला. नायक ओरडून उठले तोवर साहेबांनी लिहून घेतलं होतं आणि रामधनच्या गळ्यात हार पडला होता.

नायकांनी वर राहिलेला डावा हात खाली घेतला. जन्मात इतकी लाज त्यांना वाटली नव्हती. मानीबाई मात्र डोळे पुसत, हसत जवळ आली. "देव पावला, नायक! हात बरा झाला तुमचा."