अकरावं प्रकरण

मार्गशीर्षातली सकाळ. तलावावर धुकं निजलेलं, आणि त्या निजलेल्या धुक्यातून सूर्य हळदुल्या पावलांनी वर येत होता. धान कापून नेलेल्या बांध्या उघड्या पडल्या होत्या. त्यांच्या दवओल्या खुंटांवर ऊन थेंबाथेंबानं उतरत होतं.

त्याच उन्हाची एक तिरीप खिडकीतून आत आली, आणि इंदुमतीच्या मांडीवरच्या पत्रावर गजांच्या सावल्यांसकट पडली.

पत्र नागपूरच्या प्रकाशकाचं. आपलं आत्मकथन स्वीकारलं आहे, महिनाअखेरपर्यंत लेखी संमती कळवावी. चार ओळी. त्या चार ओळींसाठी ती नऊ वर्षं लिहीत होती. भांडी घासून झाल्यावरच्या, घामट, चोरट्या, एकट्या दुपारी.

समोर खाटेवर तिचा नवरा, शेषराव. अवघ्या पंचक्रोशीचे डोंगरवार गुरुजी. आता अर्धं अंग निर्जीव, आणि डोळ्यांत मोतीबिंदूचं दुधाळ आभाळ. तीन वर्षं ती त्यांना न्हाऊ घालत होती, भरवत होती, तासातासानं कुशीवर वळवत होती. त्यांना तिच्यावाचून पाणी पिता येत नव्हतं. तिला त्यांच्यावाचून फार वेळ दाराबाहेर राहता येत नव्हतं.

"वाचून दाखव," ते म्हणाले. "माझं नाव आहे ना त्यात?"

ती वहीतून आपलं लिखाण वाचू लागली. दोन दिवस सकाळी वाचत राहिली. अकराव्या प्रकरणाशी मात्र तिचा आवाज अडला.

"काहून थांबली? वाच."

मग तिनं ते वाचलं. आईला लिहिलेली तिची पत्रंसुद्धा नवरा लाल शाईनं सुधारून मगच पोस्टात टाकायचा, ते वाचलं. पाहुण्यांदेखत तिच्या वाक्यांना हसायचा, ते वाचलं. बोलताबोलता ती मुकी होत गेली, ते वाचलं. आणि लग्नाच्या सातव्या वर्षी एका पहाटे ती पिशवीत दोन लुगडी घेऊन निघाली, एसटी स्टँडवर तीन तास बसली, तीन गाड्या सोडल्या, आणि परत आली, तेही.

 

"मी होतो तिथं," शेषराव म्हणाले. "पानठेल्यामागं. तीन तास."

"हाक काहून नाही मारली?"

"मारवली नाही."

इंदुमतीनं वही मिटली. उभ्या आयुष्यातले तेवढेच तीन तास तिचे स्वतःचे होते. निर्जन, निनावी, निराधार; पण तिचे. आज कळलं, तेही नव्हते. त्या मोकळ्या आभाळाखालीसुद्धा ती कुणाच्या तरी नजरेत कोंडलेली होती.

"छाप," ते म्हणाले. "पण मी गेल्यावर. तेवढं थांब."

थांबायची तिला सवय होती. ती थांबली.

पण ते थांबणं निराळं होतं. दिवस उगवायचा, आणि तिचे कान आधी त्यांच्या श्वासाकडे जायचे. श्वास चालू असायचा. मग छातीत जे काही हलायचं, त्याला ती नाव देत नव्हती.

पाचव्या दिवशी पेज पाजताना त्यांना ठसका लागला. चेहरा जांभळा झाला, उजवा हात हवेत चाचपडू लागला. इंदुमतीचा हात त्यांच्या पाठीकडे निघाला, आणि मध्येच राहिला.

एक पळ. एकच पळ. मग तिनं पाठीवर थापा मारल्या, छातीशी धरून त्यांना बसतं केलं, तोंड पुसलं. श्वास परत आला. पण तो एक पळ तिच्या अंगात काचेसारखा रुतून बसला.

ती खाटेशी उभी राहिली.

"मला तुमच्या मरणाची वाट बघायला लावू नका," ती म्हणाली. "मी आजच संमती पाठवते."



"लोक येतील विचारायला."

"येतील. मी दार उघडीन."

"अन् मी काय सांगू?"

"पानठेल्यामागं होतो म्हणून सांगा."

तिनं चार ओळी लिहिल्या, कुणी न तपासलेल्या. लिफाफा चिकटवला, त्यांच्या अंगावर गोधडी सारखी केली, दार ओढून घेतलं.

कोपऱ्यावरची पत्रपेटी उन्हानं तापली होती. लिफाफा आत पडला. पेटीच्या रिकाम्या पोटात एक हलका, कोरडा आवाज झाला. त्या ऊन लोखंडावर तळवा टेकून ती उभी राहिली. वाटेनं सायकली गेल्या, बकऱ्या गेल्या, धुरळा उठला आणि बसला. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. असं कितीही वेळ उभं राहता आलं असतं.

पण त्यांना उजव्या कुशीवर वळवायची वेळ झाली होती. ती घराकडे फिरली. पदर सावरीत, भरभर, जवळजवळ धावत, पुढे पडलेल्या आपल्याच आखूड सावलीवर पाय देत, पाय देत, पाय देत.